हिरव्या पेटीतला पारा

लाकडी पेटी एक. तिला पाय चार, बिजागऱ्या दोन, कडी एक. चारही बाजूंना मिळून तिरप्या झडपा बहात्तर. पेटीत तापमापक चार: एक कोरडा, एक ओल्या कापडात गुंडाळलेला, एक किमान, एक कमाल. आणि दाराच्या आतल्या अंगाला चिकटवलेला, तळहाताएवढा कागद एक.

हवामान कार्यालयाच्या अंगणात मी आलो त्या दिवशीची ही मोजदाद आहे. मित्रांनो, त्यातला कागद तेवढा लक्षात ठेवा.

मी त्यातला चौथा, एक जुना कमाल तापमापक. दिवसभरात ऊन जास्तीत जास्त किती तापले, ते सांगणे हे माझे काम. माझ्या काचेच्या नळीला गळ्याशी एक बारीक चिमटा काढलेला आहे. त्यामुळे पारा वर चढतो, पण ऊन उतरले तरी आपणहून खाली येत नाही. संध्याकाळी कोणीतरी मला बाहेर काढून, घट्ट धरून, जोराचा झटका द्यावा लागतो. मग मी ताळ्यावर येतो. माझ्यासारखी माणसेही पुष्कळ असतात, हे मला पुढे कळले.

मला घडवणाऱ्या कारागिराने नळी फुंकली, पारा भरला, रेघा कोरल्या. पण कुठलीच काच अगदी अचूक होत नाही. कारखान्यातल्या तपासनीसाने मला मोठ्या, प्रमाणित तापमापकाशेजारी पाण्यात बुडवून पाहिले आणि माझी खोट कागदावर लिहिली: 'चाळिसाच्या वर, उणे शून्य दशांश चार.' म्हणजे गरमीत मी शून्य दशांश चार अंश जास्त सांगतो. कोणाला आपली खोट दारावर चिकटवलेली आवडेल? मला आवडायची. खोट ठाऊक असली की माणूस ती वजा करतो, आणि उरते ते खरे असते.

एकतीस वर्षे ती वजाबाकी एकाच माणसाने केली. त्यांना सगळे दशांशकाका म्हणत. भाजीवाल्याने 'पाऊण किलो' म्हटले तरी ते तराजूकडे वाकून पाहत. उंचीने ते बेताचे, म्हणून माझ्यासमोर येताना बरोबर एक छोटा पाट आणायचे. त्यावर उभे राहिले की त्यांचा डोळा माझ्या पाऱ्याच्या अगदी समोर यायचा. वरून किंवा खालून पाहिले तर आकडा चुकतो ना! झटका देताना ते दरवेळी पुटपुटायचे, "चल बाबा, उतर आता खाली." दरवर्षी पेटीला स्वतः पांढरा रंग द्यायचे. "पांढरं ऊन परत पाठवतं. पेटी तापली तर आतला काय खरं बोलणार?"

मग ते निवृत्त झाले. जाताना त्यांनी नव्या निरीक्षक ताईंना फोनवर एवढेच सांगितले, "नोंदवही टेबलात आहे. बाकी सगळं पेटीच्या दारावर लिहिलंय. ते पाळलंस म्हणजे झालं."

ताई रुजू व्हायला पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांतच घात झाला.

शहरात निसर्गप्रेमींचे एक मंडळ होते. त्याचे प्रमुख एक शाळामास्तर, सगळ्यांचे हिरवे सर. टोपी हिरवी, पिशवी हिरवी, पेनसुद्धा हिरवे. माणूस सरळ. स्वतःच्या पगारातून रोपे घ्यायचा आणि ती जगवायचा. त्यांच्या मनात आले, वसुंधरेची नाडी पाहणारी ही पेटी इतकी फिकी का? एका सकाळी चाळीस मुले, दोन ब्रश आणि गडद हिरव्या रंगाचे चार डबे घेऊन ते आले. पेटी आतून-बाहेरून हिरवीगार झाली. झडपांच्या फटींत रंगाचे ओघळ सुकले, अठरा फटी पुरत्या बुजल्या. नगराध्यक्षांनी येऊन शेवटचा हात फिरवला. तो शेवटचा हात माझ्या कागदावरून फिरला. त्यावरच पिवळ्या अक्षरांत लिहिले गेले: 'एकच धरती, जपू या ती.'

मला ओरडायचे होते. पण काचेला तोंड कुठे असते?

ताई आल्या. हुशार, नीटनेटक्या. त्यांनी दार उघडले, आतला मजकूर वाचला आणि हसल्या. 'सगळं दारावर लिहिलंय' म्हणाले होते ना काका! म्हातारे किती हळवे आहेत, असे त्यांना वाटले असणार. पेटी पांढरी हवी, एवढे मात्र त्यांना ठाऊक होते. ताई कार्यालयाच्या साहेबांकडे गेल्या. साहेब खिडकीतून पेटीकडे पाहत म्हणाले, "ताई, अध्यक्षांचा हात लागलाय त्याला. फोटो छापून आलेत. आपण पांढरं फासलं तर उद्या मथळा येईल, हवामान खात्याला हिरव्याचं वावडं. अर्ज द्या, बघू." ताईंनी अर्ज दिला. तो फायलीत गेला आणि तिथेच राहिला.

उन्हाळा चढू लागला. पेटी आतून धुमसायची. वाऱ्याला फटी पुरत नव्हत्या. बाहेर आंब्याखाली कुत्रे निवांत झोपलेले दिसे आणि आत मी वर वर सरकत असे. मी खोटे बोलतो आहे हे मला कळत होते, पण थांबता येत नव्हते. मित्रांनो, आपल्याच तोंडून खोटे निघते आहे आणि जग त्याला मान डोलावते आहे, याहून भयंकर काही नाही.

अंगणाच्या भिंतीपलीकडे गल्लीत सहा बेकऱ्या होत्या. कोपऱ्यावरची मावशींची. अकरा माणसे तिच्या भट्टीवर जगत होती, त्यांत मावशींची विधवा सून आणि दोन भाचे. मावशींचा आवाज एवढा मोठा की भट्टीतला पाव दचकून फुगतो, असे गल्लीत म्हणत.

त्याच सुमारास, शहर भट्ट्यांमुळे तापते असे धरून, नगरपालिकेत ठराव आला: हवामान कार्यालयाचा आकडा सलग तीन दिवस पंचेचाळिसाच्या वर गेला, तर गल्लीतल्या सगळ्या भट्ट्या बंद, आणि परवान्यांचा फेरविचार. सभेत ताईंनी विचारले, "भट्ट्या बंद केल्या तर पारा कितीनं उतरेल, हे कुणी मोजलंय का?" एकाने टाळ्या वाजवल्या, कारण त्याला वाटले भाषण संपले. मग हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला.

पहिल्या दिवशी मी पंचेचाळीस दशांश दोन दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळीच वाहिनीचा वार्ताहर आला. त्याला रस्त्यावर अंडे शिजवून दाखवायचे होते. डांबरावर त्याने तीन अंडी फोडली. तिन्ही नुसती पसरली आणि त्यांवर माशा बसल्या. तो मावशींकडे गेला.

"मावशी, एक अंडं द्या ना. आणि तो तवा जरा गरम आहे का?"

"भट्टीतला आहे, गरम नसेल तर काय बर्फाचा असेल? पण कशाला रे?"

"उन्हाची तीव्रता दाखवायचीय."

"मग उन्हात दाखव की!"

तरी मावशींनी दिला. पोराचे काम अडले आहे, एवढेच त्यांनी पाहिले. तवा रस्त्यावर ठेवून, तो दिसू नये म्हणून कडेने माती भुरभुरून त्याने चित्रण केले. अंडे झकास शिजले. संध्याकाळी माझा आकडा पंचेचाळीस दशांश सहा आला, आणि घरोघरी पडद्यावर ते अंडे, तो आकडा आणि मागे धूर सोडणारे मावशींचेच धुराडे दिसले. खाली अक्षरे धावत होती: 'भट्ट्यांनी पेटवले शहर.'

मावशी भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, आणि मला जास्तच भीती वाटली. "ताई, माझंच अंडं, माझाच तवा, आणि माझ्याच गळ्याला फास. उद्या तिसरा दिवस. एवढंच सांगा, तो तुमचा काचेचा देव खरं बोलतो का?"

ताईंनी पेटीचे दार उघडले. रंगाने बुजलेल्या फटींवरून त्यांनी बोट फिरवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी ओळखीचे पाऊल वाजले. बगलेत पाट घेऊन दशांशकाका आले होते. हातात वर्तमानपत्र.

"पंचेचाळीस दशांश सहा? एकतीस वर्षांत चव्वेचाळीस दशांश सातच्या वर मी कधी लिहिलं नाही. वजा केलंस ना?"

"काय वजा करायचं, काका?"

"दारावर लिहिलंय, ते!"

"दारावर तर 'एकच धरती, जपू या ती' लिहिलंय. मी जपतेय की."

काकांनी पेटी पाहिली, दाराशी पाट ठेवला आणि त्यावर चढले. मग खिशातल्या नाण्याने दाराचा रंग खरवडू लागले. 'धरती' गेली, 'जपू' गेले, आणि खालून माझा कागद निघाला. ताईंनी तो वाचला आणि तोंडावर हात ठेवला. लगेच वहीत वजाबाकी केली. पहिला दिवस चव्वेचाळीस दशांश आठ. दुसरा पंचेचाळीस दशांश दोन.

"दुसरा तरी वरच राहतो," त्या म्हणाल्या.

"कागदाची खोट निघाली. रंगाची कुठे निघालीय?" काका पाटावरून उतरले. "अडगळीच्या खोलीत जुनी पेटी आहे. पांढरी. तिच्यातला माझा दुसरा कमाल तापमापकही धड आहे, चाळिसाच्या वर त्याची खोट शून्य. दहा पावलांवर ठेवू. एकच अंगण, एकच ऊन."

हिरवे सरांना निरोप गेला. ते धावत आले, काकांचे म्हणणे ऐकून पांढरे पडले. "मुलांनी प्रेमानं रंगवलंय हो."

"प्रेमाबद्दल तक्रार नाही, सर. ब्रशाबद्दल आहे."

"पण मग लोक म्हणतील, ऊन वाढतंय हे सगळं थोतांडच! वीस वर्षं मी पोरांना शिकवतोय."

"ऊन खोटं नाही. आकडा खोटा असेल. आपण खोटा आकडा दाबून ठेवला, तर उद्या खऱ्यालाही कुणी विचारणार नाही."

सरांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "पांढऱ्या पेटीत पंचेचाळीसच्या खाली आलं, तर संध्याकाळी सहाच्या नगरपालिकेच्या सभेत मी स्वतः उभा राहून सांगेन."

मावशी भिंतीवरून म्हणाल्या, "आणि वर आलं, तर मी माझ्या हातानं भट्टी विझवीन. अकरा जणांना मीच सांगेन. पण मोजा नीट. अंड्यावर नको."

दुपार झाली. मी चढू लागलो. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. दहा पावलांवर माझा भाऊ पांढऱ्या पेटीत काय करतो आहे, हे मला दिसत नव्हते. तो माझ्याएवढाच चढला तर मावशींची भट्टी विझणार. तो खाली राहिला तर माझे दोन महिन्यांचे बोलणे खोटे ठरणार आणि मी कदाचित केराच्या टोपलीत. तरी मी मनात त्याला म्हणत होतो, तू खाली राहा रे. भिंतीपलीकडे भट्टीचे दार वाजणे बंद झाले होते. सगळे कामगार हात पुसत भिंतीला टेकून उभे होते. मावशींच्या सुनेने डोळे मिटले होते.

साडेपाच वाजले. काकांनी पाट ताईंपुढे सरकवला, आणि मग लक्षात येऊन परत ओढला. ताई उंच होत्या. त्या गुडघ्यांत किंचित वाकल्या, डोळा माझ्या पाऱ्यासमोर येईपर्यंत.

मित्रांनो, त्या क्षणी मी तुमच्याकडे जे मागत होतो ते आजही मागतो. माझ्यावर प्रेम असेल तर मला रंगवू नका, सजवू नका. माझ्या नावाने घोषणा देण्याआधी माझ्या डोळ्याला डोळा लावून मला वाचा. माझी खोट झाकू नका. ती दारावरच राहू द्या, सगळ्यांना दिसेल अशी. आणि मी फार वर चढलो तर घाबरून धावण्याआधी एकदा पाहा, मी कुठे ठेवलेला आहे. मला चुकण्याची भीती नाही वाटत. माझी चूक खरी म्हणून वापरली जाईल, याची वाटते.

ताईंनी आधी मला वाचले, मग दहा पावले चालून त्याला वाचले. काकांनी दोन्हींवर नजर टाकून मान हलवली. हिरवे सरांनी वही धरली आणि आपल्या हिरव्या पेनने, ताई सांगतील तसे लिहिले:

हिरवी पेटी, दुरुस्तीनंतर: पंचेचाळीस दशांश चार.

पांढरी पेटी: त्रेचाळीस दशांश सहा.

फरक: एक दशांश आठ.