तिसऱ्या रकान्याखालची जागा

मी एक जुना तक्ता आहे, इंग्रजीच्या वर्गातला. मित्रांनो, तुमच्याशी गोड बोलायला मी आलेलो नाही. आधीच सांगून ठेवतो, नंतर कुरकुर नको.

पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाने मला जाड कापडावर रंगवले. तीन रकाने पाडले. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. लांबलचक विशेषणांना असे शेपूट चालत नाही, म्हणून त्यांच्यापुढे मोअर आणि मोस्ट. सगळ्यात खाली कोणताच नियम न जुमानणारी मंडळी : गुड, बेटर, बेस्ट आणि बॅड, वर्स, वर्स्ट. त्याचे अक्षर सुरेख होते. तपासणीला आलेले साहेब माझे कौतुक करत आणि मी फुगून जाई.

मग नवे मास्तर आले. हा गृहस्थ पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गेला. चाचणी झाली की सगळ्यात कमी गुणांच्या मुलाला ते माझ्या तिसऱ्या रकान्याखाली, वर्स्टच्या बरोबर खाली, आठवडाभर उभे करत. शिंप्याच्या दोन्ही मुली याच वर्गात होत्या, कारण थोरली एकदा नापास झाली होती. ती जागा बहुतेक तिच्याच वाट्याला येई. तिसऱ्यांदा आली तेव्हा शिंप्याने शाळेत येऊन मास्तरांसमोरच तिला सुनावले, "पुन्हा इथं दिसलीस तर शाळा बंद. काजं-बटणं करायला बस माझ्याजवळ."

पुढच्या चाचणीत थोरलीला वीसपैकी चारच गुण मिळाले. धाकटीने कोरा कागद दिला आणि न सांगता माझ्याखाली जाऊन उभी राहिली.

"मुद्दाम केलंस ना?" मास्तरांनी विचारले.

"नाही सर. येत नव्हतं."

"असं? मग तुम्हा दोघींत जास्त ढ कोण?"

"मी."

बाकावरून थोरली उठली. "खोटं बोलतेय सर ती. तिला सगळं येतं. ढ मी आहे."

"बघा, स्वतःच कबूल केलं," मास्तर हसले आणि त्यांनी बहिणींची अदलाबदल केली. मला तेव्हा भिंतीसकट त्यांच्या अंगावर पडायचे होते. दुसऱ्याच दिवशी शिंप्याने थोरलीचे नाव शाळेतून काढले.

त्यानंतर धाकटी रोज माझ्याखाली उभी राहू लागली. गुण पैकीच्या पैकी, पण वही हातात धरून उभ्यानेच लिहायची.

"तुझी जागा बाकावर आहे," मास्तर ओरडत.

"ताईची जागा रिकामी आहे, सर."

शेवटी चिडून त्यांनी मलाच खाली उतरवले आणि अडगळीत टाकले. ती तरीही त्या भिंतीशी उभी राहते, असे शिपाई सांगतो.

आता उंदीर मला कुरतडतात. कुरतडू द्या. मला झटकू नका, जपू नका. जपायचे तर भिंतीशी उभ्या केलेल्या पोराला जपा. बहिणींची अदलाबदल झाली त्या दिवशी तुमच्यासारखीच आणखी चाळीस मुले बाकांवर बसली होती, मित्रांनो. त्यांतले एकही उठले नाही.