इस्त्रीचा डाग

मी एक जुने टेबल आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी भित्रा आहे. चार पाय असून संकटात एकही कामाला येत नाही, मग माणसाने, म्हणजे टेबलाने, घाबरू नये तर काय करावे? कात्री, खिळे, पाणी, वाळवी अशा सगळ्यांना भिऊन भिऊन मी म्हातारा झालो. पण गेल्या महिन्यात सुताराच्या रंध्याची जी धास्ती बसली, ती काही केल्या जात नाही.

मला एका शिंप्यासाठी बनवले होते. तो उभ्याने कापड बेतायचा, म्हणून माझी उंची बरोबर त्याच्या कमरेएवढी. "टेबल आहे की मैदान!" असे गिऱ्हाईक म्हणाले की मला धन्य वाटायचे. शिंप्याची लेक माझ्याखाली चिंध्यांत खेळायची. तिला तो ठकी म्हणे. आज ती साठीची नावाजलेली चित्रकार आहे, पण माझ्यासाठी ठकीच.

ठकी सात वर्षांची असताना एका दुपारी, वडील दोरा आणायला गेलेले पाहून, तिने तापलेली इस्त्री हातात घेतली. एका गिऱ्हाइकाचा नवा कोरा कोट माझ्यावर पसरलेला होता. इतक्यात खिडकीत मांजर आले आणि ठकी इस्त्री तशीच ठेवून तिकडे पळाली. कोट जळला आणि कोटाखाली मी जळलो. धूर दिसताच ती माझ्याखाली येऊन लपली. तिचे दात वाजत होते, आणि मी तिला धीर काय देणार, मीच चटके सोसत होतो.

गिऱ्हाईक आले आणि तोंडाला येईल ते बोलले. शिंप्याने मान खाली घातली. "चूक माझी. माझ्याच हातून झालं," एवढेच तो म्हणाला. ठकीची वेणी माझ्याखालून बाहेर आलेली त्याला दिसत होती. तरी त्याने लेकीजवळ त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तिनेही कधी सांगितले नाही. माझ्या अंगावर तपकिरी डाग तेवढा राहिला, एका टोकाला निमुळता, होडीसारखा.

शिंपी वारल्यावर ठकीने मला आपल्या चित्रशाळेत आणले. माझ्यावर रंग सांडले, वाळले, पुन्हा सांडले. तिच्या प्रत्येक चित्रात कुठेतरी ती तपकिरी होडी असते. लोक विचारतात, तेव्हा ती कधी पान म्हणते, कधी ज्योत. एका जाणकाराने तर त्या आकाराला नदी समजून त्यावर दोन पाने लिहिली. मला तोंड असते तर हसलो असतो. नवे चित्र सुरू करताना ती आधी डागावर हात ठेवते. मात्र कोणी आले की त्यावर फडके टाकते. तिच्या लेकीने एकदा विचारले, तर म्हणाली, "जुना डाग आहे मेला. बघवत नाही मला." लेकीने ते मनात ठेवले.

गेल्या महिन्यात बाहेरच्या खोलीत तीन कलाकारांच्या गप्पा ठेवल्या होत्या. समोर वीसेक विद्यार्थी. नेमकी तीच वेळ साधून लेकीने आईला नकळत सुतारकाकांना आतल्या खोलीत आणले. "काका, टेबल असं करा की आईनं ओळखूच नये. आणि तो डाग मुळापासून काढा," ती म्हणाली आणि फुले आणायला गेली.

सुतारकाका भला माणूस. त्यांनी माझ्यावर हात फिरवला, "अजून खणखणीत आहे," म्हणाले, आणि लांबच्या टोकाकडून रंधा मारू लागले. खर्र, खर्र. कित्येक वर्षांचे रंग सोलून निघू लागले. माझा जीव नुसता डागात गोळा झाला.

बाहेर ध्वनिक्षेपक लावला होता, त्यामुळे रंध्याचा आवाज तिकडे कोणाला जाणवत नव्हता, पण दाराबाहेरचे सगळे मला ऐकू येत होते. फोटो काढणारी बाई सांगत होती, "माणूस नुकताच उठून गेलेली खुर्ची दिसली की मला राहवत नाही." दगडाचे काम करणारा, ज्याला सगळे दगडोबा म्हणतात, तो म्हणाला, "माझे वडील गवंडी. घाव घालण्याआधी ते दगड थोपटायचे. मी अजून तेच करतो." मग एका मुलीने ठकीला विचारले, "तुमच्या चित्रातला तो तपकिरी आकार कुठून येतो?"

रंधा माझ्या मध्यावर आला होता. सांग गं बाई, एकदाचे सांगून टाक!

"तो आपसूक येतो. निसर्गातून," ठकी म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खर्र. आता रंधा वीतभर लांब होता.

"तीस वर्षं हेच ऐकतोय," दगडोबा म्हणाला. "खरं सांग की."

रंधा चार बोटांवर आला. मित्रांनो, इतका मी जळतानाही घाबरलो नव्हतो.

"इस्त्री आहे ती," ठकीचा आवाज आला, सात वर्षांच्या ठकीचा. "कोट मी जाळला. बाबांनी स्वतःवर घेतलं. मी टेबलाखालून ऐकत होते, पण बाहेर आले नाही. चला, दाखवते."

दार उघडले आणि त्याच क्षणी होडीचे टोक गेले.

"थांबा, काका," ती म्हणाली. पाठोपाठ फुले घेऊन लेक आली आणि आईचा चेहरा पाहून पांढरीफटक पडली. "आई, तूच म्हणाली होतीस ना, बघवत नाही म्हणून?"

ठकीने माझ्याकडे पाहिले. "चूक माझी. माझ्याच हातून झालं."

मग तिने खाली वाकून लाकडाची तपकिरी साल उचलली, हुंगली आणि लेकीच्या हातात दिली. "बघ, अजून जळकट वास येतो. बस इथं, सांगते."

मित्रांनो, जुनी वस्तू चकचकीत करायच्या आधी घरातल्यांना विचारा, हा डाग कशाचा? आणि तुम्हाला कोणी विचारले, तर खरे सांगा. आम्हाला बोलता येत नाही हो. सुतारकाका अजूनही कधी खिडकी, कधी दार नीट करायला येतात आणि रंध्याची पिशवी माझ्यावर ठेवतात. माझे चारही पाय लटपटतात. तेव्हा ठकी येऊन डागावर हात ठेवते, आणि पिशवी उचलली जाईपर्यंत हात काढत नाही.