माझा डाग पुसू नका

मी नळी बोलतेय. इंजिन नाही, चाक नाही, हेडलाइट तर नाहीच नाही. गाडीचं बॉनेट उघडलं की समोर रेडिएटर दिसतो ना, तिथून इंजिनापर्यंत गेलेली काळी रबरी नळी, ती मी. इंजिन तापलं की त्यातलं कढत पाणी माझ्यातून रेडिएटरकडे जातं, गार होतं आणि खालच्या नळीने परत येतं. गाडीचं कौतुक करताना आजवर कुणी माझं नाव घेतलेलं नाही आणि मला त्याचं काही वाटतही नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटतं.

माझा जन्म कारखान्यातला. मऊ रबरात धाग्यांची जाळी घातली, वाकड्या साच्यावर मला चढवलं आणि भाजून काढलं. म्हणून माझं अंग जन्मापासून वाकडं आहे. बोलणंही जरा वाकडंच आहे, सांभाळून घ्या. आणि आज तर मी चिडलेली आहे.

आमच्या मालकांचं चष्म्यांचं दुकान. दिवसभर काचा पुसायच्या हाच धंदा, त्यामुळे हाताला चाळाच लागलेला. समोरच्याच्या चष्म्यावर बोटाचा ठसा दिसला की यांना चैन पडत नाही. बोलता बोलता त्याच्या नाकावरून चष्मा काढून घेतील, पुसतील आणि परत ठेवतील. माणूस भला हो! कुणाला कधी टाकून बोलणार नाही. पण डाग म्हणजे यांचा सात जन्मांचा वैरी.

दर रविवारी आमची आंघोळ. बॅटरीच्या तारा सोडायच्या, फ्यूजच्या डबीला प्लास्टिकची पिशवी बांधायची, इंजिन गार आहे ना ते हात लावून बघायचं. मग फेस मारायचा आणि घरातल्या सगळ्यांचे जुने टूथब्रश घेऊन सांदीकोपरे घासत बसायचं. वरून तांब्याने बेताचं पाणी, मग जुन्या बनियनचं फडकं, आणि शेवटी मालकीणबाईंचा केस वाळवायचा ड्रायर.

"अहो, माझा ड्रायर कुठंय?" बाई खिडकीतून विचारायच्या.

"दोन मिनिटं गं! बॅटरीखाली ओल राहिलीय."

"आणि माझे केस ओले आहेत त्याचं काय?"

"ते काय, वाळतील आपोआप."

मला पहिली काही वर्षं हे सगळं आवडायचं, हे कबूल करते. शेजारच्या गाड्यांतल्या नळ्या धुळीने माखलेल्या, आणि मी आपली चकचकीत. शेजारचे काका चहाचा कप घेऊन बघायला यायचे. "इंजिन आहे की दागिन्यांचं कपाट!" म्हणायचे. मालकांची छाती फुगायची, आणि माझीही.

पण कढत पाणी पोटात घेऊन वर्षानुवर्षं काढायची म्हणजे गंमत नाही. रबर कडक होतं. शेवटी जिथे लोखंडी पट्टी मला रेडिएटरला आवळून धरते, तिथे बारीकशी चीर पडली. गाडी तापली की तिथून कूलंटचा एखादा थेंब बाहेर यायचा. कूलंट म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात घालतात ते हिरवं औषध. तो थेंब वाळला की पांढुरकी-हिरवी खपली धरायची. आता मला काही तोंड नाही. मला दुखतंय हे सांगायचं तर एवढा एकच उपाय माझ्याकडे. तो डाग म्हणजे माझी हाक होती.

रविवारी मालकांनी बॉनेट उघडलं, खपली पाहिली. मला वाटलं, सुटले बाई एकदाची!

"शी! काय बसलंय हे इथे," ते म्हणाले, आणि टूथब्रश घेतला. घासून घासून डाग काढला. वर चकाकीचं औषध चोळलं. चीर अशी झाकली गेली की मलाही दिसेना.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा डाग पाडला, त्यांनी पुन्हा पुसला. असं किती दिवस चाललं काय सांगू! पालथ्या घड्यावर पाणी. कूलंटच्या टाकीतली पातळी खाली गेलेली दिसायची, तर बाटली उघडून वरच्या रेघेपर्यंत भरायचे आणि खूश व्हायचे. अहो, पण गेलं कुठे? घरातला डबा रोज थोडा थोडा रिकामा व्हायला लागला तर माणूस उंदीर शोधतो की नाही?

बाईंची नजर मात्र तेज. एकदा केर काढताना म्हणाल्या, "अहो, गाडीखाली काहीतरी हिरवं सांडलंय."

"धुतल्याचं पाणी असेल गं."

"आज मंगळवार आहे."

मालक खाली आले आणि त्यांनी काय केलं असेल? फरशी पुसली! कपाळ असतं तर मी हात मारून घेतला असता. पण हात तरी कुठे आहेत?

सगळ्यात कहर तर सर्व्हिसिंगच्या वेळी. पाहुणे येणार म्हणून आपण घर आवरतो ना, तसं हे गॅरेजला जायच्या आदल्या दिवशी इंजिन धुवायचे. मेकॅनिक काय म्हणेल, अशी लाज! मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि शिट्टीच वाजवली. "साहेब, असं इंजिन शोरूममध्ये पण बघितलं नाही. याला काय धाड भरलीय?" त्याने फोटो काढला, तेल बदललं आणि बॉनेट लावून टाकलं. त्या बिचाऱ्यालाही बोल लावत नाही मी. तो डागच शोधतो, आणि डाग घरीच पुसून आलेला.

आता खरं सांगायचं ते सांगते.

बाईंची एक थोरली बहीण आहे, घाटापलीकडच्या गावाला. आई लवकर गेली, तेव्हा या ताईनेच बाईंना वाढवलं, वेण्या घातल्या, शाळेत सोडलं. त्या ताईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. बाई गाडीजवळ उभ्या राहून फोनवर बोलत होत्या, ते मी ऐकलं. "ताई, घाबरू नकोस. तुला आत नेण्याआधी मी तुझा हात धरून उभी असेन. शब्द देते."

आदल्या दिवशी दुपारीच बाईंची बॅग भरून दारात. मालक म्हणाले, "लांबचा रस्ता आहे, गाडी जरा नीट बघून घेऊ दे. पहाटे निघू. ऑपरेशन दहाला आहे, आरामात पोचू."

नीट बघून म्हणजे काय, तर पुसून! त्या दिवशी मी सगळा जीव गोळा करून खपली धरली होती. एवढी जाड, की आंधळ्यालाही दिसावी. शिवाय त्या खपलीनेच चीर कशीबशी बुजली होती. मालकांनी ती खरवडून काढली आणि वर दुप्पट चकाकी लावली. "अगं, ये बघायला! आरसा झालाय नुसता."

"मला ताईला बघायचंय," बाई म्हणाल्या, "आरसा नाही."

पहाटे निघालो. सपाटीवर मी दात आवळून निभावलं. घाट लागला, इंजिन तापलं, पाण्याचा जोर वाढला. अर्ध्या चढावर मी फाटले. वाफेचा लोट उठला, काटा लाल रेघेवर गेला आणि मालकांनी गाडी कडेला घेतली.

बॉनेट उघडून ते बघतच राहिले. "कालच तर स्वच्छ केली होती!" हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. बाई फोन वर धरून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. रेंज नव्हती. हात केला तरी वर जाणारी एकही गाडी थांबेना. शेवटी थांबला तो खाली निघालेला टेम्पोवाला. आत डोकावून म्हणाला, "नवीन घेतली वाटतं?" त्याने आम्हाला दोरीने ओढत पायथ्याच्या गॅरेजपर्यंत नेलं. तिथे मला कापून काढलं, माझ्या जागी नवी नळी आली आणि मी डिकीत. तोवर दहा कधीच वाजून गेले होते.

ताई वाचल्या. ऑपरेशन छान झालं. हे मला परतीच्या वाटेवर कळलं, डिकीत पडल्या पडल्या.

"सगळं नीट झालं ना?" मालक म्हणत होते. "मग आता तोंड पाडून का बसलीस?"

बाई म्हणाल्या, "नर्सने सांगितलं, आत नेताना ताई तिला विचारत होती, माझी धाकटी आली का म्हणून. दार बंद होईपर्यंत मान वळवून बघत होती. शुद्धीवर आल्यावर मला काय म्हणाली माहितीय? 'तू येणार होतीस ना गं?'"

आणि त्या रडू लागल्या.

"अगं, नळी फुटली त्याला मी काय करणार? रडू नकोस. हा घे रुमाल, डोळे पूस."

"हेच! हेच करता तुम्ही," बाई कडाडल्या. "हिरवं सांडतंय म्हणून सांगितलं, तर फरशी पुसलीत. मी रडले की रुमाल काढता. कशाने झालं, हे एकदा तरी विचारा हो!"

इतके दिवस मी घसा फोडून जे सांगत होते, ते बाईंनी एका दमात सांगून टाकलं. मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं.

आता मी पार्किंगमधल्या फळीवर असते, चकाकीच्या बाटलीशेजारी. मालकांनी मला टाकलं नाही. अंगावर बोटभर धूळ साचलीय, पण तीही पुसली नाही. परवाच्या रविवारी त्यांनी बॉनेट उघडलं आणि फडकं उचलता उचलता थांबले. वाकले, गाडीखाली पाहिलं. मग हाक मारली, "अगं, जरा येतेस? इथे डाग दिसतोय. कशाचा असेल?"

बाई ओल्या केसांनी खाली आल्या. दोघं वाकून बघत राहिले.

"चिखल आहे," बाई म्हणाल्या.

"नक्की ना?"

"नक्की." मग फळीवरचा ड्रायर घेऊन त्या वर गेल्या. हसल्या नाहीत. ताईंची ती वळलेली मान त्यांच्या डोळ्यांपुढून इतक्यात जायची नाही, आणि मालकांना ते कळलंय, एवढं मला दिसतं.

माझं आयुष्य संपलं, तक्रार नाही. पण तुमच्याही घरी गाडी असेल, माणसं तर असतीलच. कुठे थेंब दिसला तर एवढं करा. फडकं घ्यायला धावू नका. आधी वाका आणि विचारा, काय झालं गं?