स्वस्थ बसण्याचं प्रात्यक्षिक

विद्यार्थिनींच्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रम आखायचा, असं गृहशास्त्राच्या बाईंनी ठरवलं आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. इतकी वर्षं त्या बटण लावणं नि डाग काढणं शिकवत आल्या होत्या. पण संध्याकाळच्या वर्गाला आता मोजक्याच जणी उरल्या होत्या. तपासनीस साहेबांना नवा आराखडा पटला नाही, तर वर्ग बंद होणार होता.

"तुम्हाला कशाची गरज आहे?" बाईंनी वर्गात विचारलं.

धाकटी भावंडं आणि अंथरुणाला खिळलेली आजी सांभाळून येणारी थोरली म्हणाली, "बाई, स्वयंपाक, धुणी, आजारपण सगळं येतं. घडीभर स्वस्थ बसता येत नाही. ते शिकवा."

बाकीच्या हसल्या नाहीत. आता शब्द मागे कसा घेणार? त्यांनी धडा लिहिला: स्वस्थ बसणे. उद्दिष्ट, कृती, साहित्य: खुर्ची एक. कागदावर तो इतका देखणा दिसला की बाई स्वतःवरच खूश झाल्या. ती त्यांची जुनी खोड.

साहेबांनी वाचलं. म्हणाले, "करून दाखवा."

शेगडीवर दूध ठेवलं. एकीने त्याच्याकडे बघायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं. दूध वर चढू लागलं. बघणारी गोंधळली. थोरलीने खुर्ची घट्ट धरली, पण उठली नाही. शेगडी बंद करायला धावल्या त्या बाईच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

साहेब तेवढे पाय पसरून निवांत बसले होते. न शिकता पहिल्या नंबराने पास.

"हा विषय बाईंनाच येत नाही," ते म्हणाले. "सहीचं बघू. आधी चहा होऊन जाऊ द्या."

सवयीने बाई अर्ध्या उठल्या. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. त्या पुन्हा खाली बसल्या. वर्ग राहो नाहीतर जावो.

"साहेब, दूध तापलंय. चहापत्ती वरच्या फळीवर आहे."

साहेबांनी एकेकीकडे पाहिलं; एकही उठली नाही. शेवटी साहेब उठले. डबे उघडून पाहिले, पातेलं शोधलं, मग हळूच विचारलं, "पत्ती किती टाकायची?"

"बाई," थोरली म्हणाली, "यांचं नाव वर्गात घालू?"

साहेबांना हसू आलं, आणि सही झाली. चहा मात्र कडूजहर झाला होता. तो नीट करायला बाईंचे हात शिवशिवत होते, पण त्या बसून राहिल्या. दुसऱ्याने हातात दिलेला गरम चहा पिताना त्यांना रडू आलं. तोंडाने म्हणाल्या, "पत्ती फार झाली, साहेब."