लोकांच्या चार मात्रा

भोंगाकाकांचा धंदा स्पीकर दुरुस्तीचा, पण नाव त्याआधीचं. तरुणपणी ते आपल्या टोळीबरोबर कारखान्याच्या फाटकावर, पाळी सुटायच्या वेळी, मागण्यांची गाणी म्हणत. आवाज असा, की कारखान्याच्या भोंग्यालाही हार जायचा नाही. पुढे कारखाना बंद पडला, टोळी पांगली, काकांचा गळा बसला. नाव तेवढं चिकटून राहिलं.

एके दिवशी पुतणी दुकानात आली ती हेडफोन पुढे करतच. कॉलेजात तिचा बँड होता. माळ्यावरच्या कॅसेटमधलं काकांचं गाणं तिनं कॉम्प्युटरवर घासूनपुसून लख्ख केलं होतं आणि शनिवारी कॉलेजच्या कार्यक्रमात तिला तेच गायचं होतं. पण काका हो म्हणाले तरच. एवढं वळण पोरीला होतं.

काकांनी सोल्डरिंग गन बाजूला ठेवली आणि कान देऊन ऐकलं. पहिली ओळ संपते न संपते तोच दुसरी येऊन आदळली. मध्ये श्वास घ्यायची उसंत नाही.

"अगं, प्रत्येक ओळीनंतरच्या चार मात्रा गेल्या कुठे?"

"त्या रिकाम्याच होत्या ना काका! नुसती खरखर. कापून टाकल्या मी. हल्ली जरा शांतता आली की लोक पुढचं गाणं लावतात."

काकांचं डोकं सणकलं. "रिकाम्या? अगं शहाणे, ती लोकांची जागा! आम्ही विचारायचो, 'बोला, काय हवं?' आणि फाटकावरचे पाचशे जण उत्तर द्यायचे. कॅसेट बंद खोलीत भरली, तिथे कोण बोलणार? म्हणून जागा मोकळी सोडली होती."

पुतणी ओशाळली, पण ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. घरात हा गुण तिनं काकांकडूनच उचलला होता. "मग आता कोण बोलणार आहे? आमच्यात कुणी घोषणाबिषणा देत नाही. सगळे नाचायला येतात. चार मात्रा शुकशुकाट झाला तर हसं माझं होईल."

"होऊ दे. जागा ठेवणार असशील तर गा. नाहीतर दुसरं गाणं बघ."

ती तोंड फुगवून गेली. काकांना लगेच वाईट वाटलं. चाळीस वर्षांनी कुणाला आपलं गाणं गावंसं वाटलं, आणि आपणच आडवे आलो! पण तोंडून गेलेला शब्द मागे घेणं त्यांना कधी जमलं नव्हतं. शुक्रवारी फोनवर निरोप आला, 'जागा ठेवल्यात. या.' म्हातारा दिवसभर शीळ घालत होता.

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. पुतणी इतकं गोड गायली, की आपण नुसतेच ओरडत होतो हे काकांनी मनातल्या मनात कबूल करून टाकलं. "बोला, काय हवं?" तिनं विचारलं आणि थांबली.

कुणी हूं की चूं केलं नाही. ड्रमवाल्याच्या काड्या तेवढ्या वाजत राहिल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं. पुतणीचे कान लाल झाले.

दुसऱ्या वेळी काकांना राहवलं नाही. ते उठून उभे राहिले आणि बसक्या गळ्यानं ओरडले, "आठ तास काम, पोटभर दाम!" अर्धं सभागृह वळून बघायला लागलं. जन्मभर त्यांनी नुसतं विचारलं होतं, उत्तर आज पहिल्यांदा दिलं. फार बरं वाटलं. पुतणी मंचावर हसली आणि मोकळ्या आवाजात पुढची ओळ गायला लागली.

शेजारच्या खुर्चीवरची मुलगी वाकून म्हणाली, "काका, तिथे हेच म्हणायचं असतं का?"

काका हो म्हणणार होते. पण त्यांना आठवलं, उत्तर टोळीनंच बैठकीत ठरवलेलं असायचं. चिठ्ठ्या छापून वाटलेल्या असायच्या. फाटकावरच्या एकाही माणसाला त्यांनी खरं विचारलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "तुला काय हवंय ते म्हणायचं."

"मला?" मुलगी गोंधळली. तेवढ्यात तिसरी जागा आली आणि तशीच निघून गेली. "थांबा हं, काका. असं कधी कुणी विचारलंच नाही."

"सावकाश," काका म्हणाले. त्यांना मुळीच राग आला नव्हता.

गाणं संपलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. काकांनी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. शेजारची मुलगी मात्र टाळ्या वाजवायच्या विसरून अजून विचारच करत होती.