मागचा आवाज

मी एक हेडफोन. हल्ली दिसतात तसा बिनतारेचा, इवल्याशा डबीत निजणारा नव्हे. मला तार आहे आणि ती दोन ठिकाणी चिकटपट्टीने बांधलेली आहे. माझ्या कानगाद्यांची कातडी सोलत चाललीय. तिचे काळे कपटे माझ्या मालकिणीच्या केसांत अडकतात, आणि तिची आई विचारते, "अगं, कोंडा काळा कधीपासून झाला तुझा?"

जन्मभर मी दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं. आज थोडं माझं ऐका. फार वेळ घेत नाही. माझा डावा कान केव्हा दगा देईल याचा नेम नाही.

जन्माबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यातल्या पट्ट्यावरून सरकत आलो. एका बाईने माझ्यातून 'डावा, उजवा' एवढं ऐकून पाहिलं आणि मला खोक्यात घातलं. पुढे दुकानात लोक यायचे, मला डोक्यावर चढवून गाणं लावायचे, मान डोलवायचे आणि स्वस्तातला दुसरा घेऊन जायचे. ही आली तेव्हा तिने काहीच लावलं नाही. मला घालून नुसती उभी राहिली.

दुकानदार म्हणाला, "ताई, बंद आहे तो."

"ठाऊक आहे. बाहेरचं किती आत येतं ते बघतेय."

तेव्हाच मी ओळखलं, ही साधी गिऱ्हाईक नव्हे.

तिचं काम आवाज साफ करण्याचं. बोलती पुस्तकं बनवणारी एक कंपनी होती. तिथे माणसं पुस्तकं वाचत, आणि त्या वाचनातला खोकला, पान उलटल्याची सळसळ, रस्त्यावरचा भोंगा हे सगळं ही घरी बसून काढून टाकी. नोकरी नव्हे, फ्रीलान्स, म्हणजे कामापुरती. तिची एक रीत होती. वाचणाऱ्याचा श्वास ती कधी कापत नसे. त्याचा आवाज फक्त हळू करी. "श्वास काढायचा नसतो, निजवायचा असतो," असं ती स्वतःशीच पुटपुटायची. श्वास कापलेलं वाचन ऐकलंत ना, तर थोड्या वेळाने तुमचाच जीव गुदमरतो.

कंपनीच्या मालकांना सगळ्यांनी 'दादा' म्हणायचं असा दंडक होता. "इथे साहेबबिहेब कोणी नाही, आपण एक कुटुंब आहोत," हे दादांचं पालुपद. मोठं मजेशीर कुटुंब! हिला तिथे टेबल नाही, रजा नाही, दारावरचा पहारेकरी दर वेळी नाव विचारणार. पण सुट्टीच्या दिवशी भरल्या ताटावरून उठवण्याचा हक्क मात्र सख्ख्या भावाचा. "बाळ, एवढं एक जरा बघ ना" असा फोन आला की घास तसाच टाकून ती मला डोक्यावर चढवी. तिच्या कपाळाची शीर उडताना मला कळायची. मी बरोबर तिच्या शेजारीच असतो.

मग एक दिवस दादांनी तिच्याकडे एक तरुण पाठवला. "जरा दाखव गं त्याला, तुझाच भार हलका होईल." हिने जीव लावून शिकवलं. तो मुलखाचा भोळा. घरी गेल्यावरही फोन करायचा, "ताई, पंख्याचा आवाज काही केल्या जात नाही हो!" ही सांगायची, "अरे, आधी पंखा बंद करून बघ." तिच्या आईने त्याचं नावच 'पंखेवाला' पाडलं.

त्याला बरंचसं जमू लागलं आणि हिच्याकडे फाइली यायच्या थांबल्या. कोणी काढलं नाही, कोणी भांडलं नाही, निरोपाचा शब्दही नाही. कुटुंबात निरोप कशाला लागतो? मला अजून चीड येते. हाकलून दिलं असतं तर दाराशी भांडता तरी आलं असतं. पण दारच नव्हतं, तर भांडणार कुठे?

त्यानंतर तिला मिळेल ते काम आलं. सध्या ती लिफ्टमधल्या सूचना साफ करते. 'दार बंद होत आहे.' 'दार उघडत आहे.' दिवसभर माझ्या पोटात दारं उघडतात आणि मिटतात. अशाने माणूस विटून जातो. हेडफोनही विटतो.

परवा दुपारी दादांचा निरोप आला. फोन नव्हे, आवाजातला निरोप. तिने तो फोनवरच मोठ्याने लावून नुसता ऐकला.

"बाळ, कशी आहेस? अगं, तुझ्याशिवाय काही खरं नाही बघ. ऐकणारे विचारतात, वाचणारा जिवंत आहे की गेला? श्वासच नाही म्हणे! ये परत. तुझ्या पद्धतीने कर, मी मध्ये बोलणार नाही. आणि... हं... तर ये. घरचीच आहेस तू."

आई भाजी निवडत होती. आयुष्य टेलिफोन केंद्रात लोकांचे फोन जोडून देण्यात गेलेलं, त्यामुळे कुणाचाही निरोप ती आपल्याच नावचा समजते.

"जा की मग," आई म्हणाली.

"बघते."

"बघतेस काय? गाढवाने एकदा लाथ मारली म्हणून काय जन्मभर पायी चालायचं?"

"आई, गाढवावर बसलेलं होतं कोण? मी की दादा?"

"शब्दांत कोण धरील तुला! दिवसभर त्या लिफ्टच्या बाईशी बोलतेस. परवा मला म्हणालीस, 'आई, दार बंद होत आहे.'"

ती हसली. पण मला ठाऊक आहे, तिला जायचं होतं. तिला परत पुस्तकं हवी होती, गोष्टी सांगणारे आवाज हवे होते. मी डोक्यावर असताना तिच्या मानेतला ताठपणा सैल होताना कित्येक महिन्यांनी जाणवला. ती 'हो' म्हणणार होती. तसा निरोप बोलायला तिने घसाही साफ केला होता.

पण सवय कुठे जाते? दादांच्या निरोपात एक बारीक घरघर होती आणि 'आणि' नंतर एक बोळा कोंबल्यासारखी जागा होती. ही दुसऱ्याच्या घरी गेली तरी वाकडी तसबीर सरळ करणारी. तिने तो निरोप आपल्या कामाच्या यंत्रावर घेतला, घरघर काढली, बोळ्याची जागा मोकळी केली आणि आवाज वाढवला.

बोलताना फोनवर तळहात धरला की आपलं बोलणं मेलं, असं लोकांना वाटतं. तळहाताखाली आवाज मरत नाही हो, नुसता जाड होतो. आणि हा निरोप दादा कुणाला धाडत होते, तर जिचं पोट असलेच जाड आवाज पातळ करण्यावर चालतं तिला!

मागून पंखेवाल्याचा आवाज आला, "दादा, म्हणजे मी उद्यापासून येऊ की नको?"

आणि दादा, अगदी प्रेमाने, "थांब रे बाळ. आधी तिचं होऊ दे. ती नाही म्हणाली, तर तू आहेसच की."

तिने ते पुन्हा ऐकलं. मग मला उतरवलं आणि पहिल्यांदाच आईच्या डोक्यावर ठेवलं. आईचं डोकं लहान. मी घसरून तिच्या गालांवर आलो. आईने मला दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि डोळे मिटले.

"तळहात ठेवलाय मेल्याने," ती लगेच म्हणाली. मग मला आणखी घट्ट दाबून, "हा आपला पंखेवाला ना गं?"

"हो."

"आणि श्वास का कापतो हा? तू शिकवलं नव्हतंस?"

"शिकवलं होतं. दादा त्याला म्हणाले, श्वासबिस राहू दे, पटापट दे. मला तेव्हाच सांगत होता बिचारा."

आईने मला उतरवून मांडीवर घेतलं. चिकटपट्टीचं सुटलेलं टोक ती नखाने दाबत राहिली. "म्हणजे तुम्ही दोघं त्याच्या चपला. एक झिजली की दुसरी."

"तू तर जा म्हणत होतीस."

"मी गोड बोलणं ऐकून म्हणत होते. घर चालवायचंय, ते काही खोटं नाही. पण हे ऐकल्यावर तू गेलीस, तर तुला तिथे झोप लागायची नाही. आणि तुला झोप लागली नाही की तू माझं डोकं खातेस."

तिने मला परत डोक्यावर घेतलं आणि निरोप बोलली. "दादा, नमस्कार. मी येणार नाही. काम त्याच्याकडेच राहू द्या, पण त्याला वेळ द्या. श्वास कसा निजवायचा ते मी त्याला सांगेन. तुम्ही सांगू नका." मध्येच ती खोकली, एक लांब श्वास घेतला. एरवी ती दोन ओळींचा निरोपही झाडूनपुसून पाठवते. हा तिने तसाच पाठवला, खोकल्यासकट.

दादांचं उत्तर आलं नाही. तिला आनंद झाला, अशीही थाप मी मारणार नाही. ती कितीतरी वेळ मला घालून बसली होती आणि माझ्यात काहीच वाजत नव्हतं. दुकानात उभी होती तशीच. फक्त या वेळी बाहेरचं सगळं आत येत होतं. माझ्या गाद्याच तेवढ्या फाटल्यात.

आता माझे दिवस भरत आले. डावा कान अधूनमधून गप्प होतो, तेव्हा ती तार वाकवून धरते आणि मला जागं करते. एक दिवस मी उठणार नाही. त्याआधी एवढंच मागतो. तुम्हाला सोडून गेलेल्या कुणी 'परत ये' म्हटलं, तर त्याचं गोड बोलणं जरूर ऐका. मग आवाज थोडा वाढवा आणि मागे कोण उभं आहे ते ऐका. तिथे जो काकुळतीला आलेला असतो, तो कालचे तुम्ही असता, नाहीतर उद्याचे.

तिने पुन्हा लिफ्टचं काम काढलंय. 'दार उघडत आहे' म्हणण्याआधी ती सूचनावाली बाई जरासा श्वास घेते. कामाच्या अटींत तो काढून टाका असं लिहिलंय. हिने तो निजवला आणि तिथेच राहू दिला.