सहावा विषय

राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बाईला गावात कुणी घाबरत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. गणिताचे सर रस्त्यात दिसले की पोरं सायकलवरून खाली उतरतात. मला बघून हात करतात आणि विचारतात, मॅडम, फाट्यापर्यंत सोडता का.

मी नीलम. केडगावला राहते आणि रोज स्कूटीवरून भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात शिकवायला जाते. वडगाव रासाईच्या पुढं नदीकाठी ते गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वाचतात आणि मग फोन करतात. तिथल्या हायस्कूलला जोडून अकरावी-बारावीची कला शाखा आहे. मराठी आणि इंग्रजी सक्तीचे. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र शाळेनंच ठरवून टाकलेले. राहतो सहावा विषय. तिथं राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र, दोन्हींतला एक पोरांनी निवडायचा. आमच्या संस्थेचा नियम असा, की वीस पोरं असतील तरच विषय चालू राहणार.

यंदा अकरावीला अडतीस जण आले. अर्जांचा गठ्ठा माझ्यासमोर आला तेव्हा सहाव्या रकान्यात अडतीस वेळा समाजशास्त्र लिहिलेलं होतं. तेही एकाच पेनानं.

मला राग लवकर येतो आणि जाता जात नाही. कारकून बाळासोंना मी उभ्या उभ्या विचारलं, हे काय आहे. बाळासो भला माणूस. त्यांनी सांगितलं, की सगळे अर्ज देवळाच्या सभामंडपात एका बैठकीत भरले गेले आणि विषय हौसराव आप्पांनी सांगितला. आप्पा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष, शंभर एकरांचे मालक आणि गावाचा शेवटचा शब्द. राज्यशास्त्र बंद पडलं, तर संस्था मला पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत सातवीच्या वर्गावर पाठवणार होती. त्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त झोंबलं ते दुसरंच. अडतीस पोरांना एकानंही विचारलं नव्हतं.

मुख्याध्यापकांकडून मी सोमवारपर्यंत अर्ज बदलायची मुभा मिळवली आणि तशीच आप्पांच्या घरी गेले. आप्पांच्या पत्नी कस्तुराबाई यांनी चहा दिला आणि दाराच्या आतल्या बाजूला बसून राहिल्या. आप्पा माझ्याशी वाईट वागले असते तर मला सोपं गेलं असतं. ते अगदी मायेनं बोलले. पूर्वी या गावात निवडणुकीवरून अशी भांडणं लागली होती, की सख्ख्या चुलतभावांनी एकमेकांच्या मयताला जाणं सोडलं होतं. ते आप्पांनी थांबवलं. तेव्हापासून तीन पंचवार्षिक झाल्या, गावात मतदान म्हणून नाही. प्रत्येक घरानं मनातलं नाव चिठ्ठीवर लिहून घागरीत टाकायचं, एखाद्या लहान पोरीनं त्यातली एक उचलायची, जे नाव निघेल तो सरपंच. बाकीच्या चिठ्ठ्या न उघडता भीमेत सोडायच्या, म्हणजे कुणी कुणाचं नाव लिहिलं हे कधीच कळणार नाही. हे सांगताना आप्पांचा चेहरा खरंच उजळला होता.

"पोरान्ला राजकारण शिकिवलं, की पुन्ना गट पडत्याल, मॅडम," ते म्हणाले. "आन् समद्यांचा इषय एक असला, की मागच्याची पुस्तकं पुढच्याला व्हत्यात."

मी म्हटलं, माझ्या पुस्तकात भांडायला शिकवत नाहीत. भांडण न करता ठरवायचं कसं, तेच शिकवतात. ते हसले. मग मी सरळच मागितलं, शनिवारी शाळेत पालकांसमोर पोरांचं मतदान घेऊ द्या. ज्यानं जो विषय लिहिला, तो त्यानं सोमवारी अर्जात भरायचा. वीस झाले नाहीत, तर मी माझी बॅग भरते आणि पुन्हा तोंड उघडत नाही.

"घ्या की," आप्पा म्हणाले. "पोरं आमचीच हायती."

त्यांना आपली खात्री होती आणि मला माझी. नववी-दहावीला नागरिकशास्त्र मीच शिकवते. कुणाचे डोळे कुठल्या धड्याला चमकतात ते मी बघितलेलं आहे. तरीही शुक्रवारी घर मागं टाकून मी चौफुल्यापर्यंत गेले आणि उगाच दोन वडापाव खाल्ले.

शनिवारी सकाळी हॉल भरला. पुढं पोरं, मागं आईबाप, खिडकीशी बायका. फुलांच्या वस्तीवरची मालनबाई नात प्रांजलसोबत आली होती. तिनं शेवंतीची तोडणी अर्धी टाकली होती आणि ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. ही मालनबाई म्हणजे वस्तीच्या रस्त्यासाठी तहसीलदारापुढं दोन दिवस बसून राहिलेली बाई. मी बिस्किटांचा मोठा डबा मधोमध ठेवला आणि कपाटाचं दार उघडून त्याचा आडोसा केला. त्याच्यामागं जाऊन लिहायचं, घडी घालायची, डब्यात टाकायची. कुणाला दाखवायचं नाही.

पहिला उठला ईश्वर. आडोशामागं गेला, लिहिलं आणि चिठ्ठी घेऊन सरळ आप्पांकडं गेला, बरोबर आहे का बघा म्हणून. मी त्याच्या हातातून ती काढून घेतली, फाडली आणि त्याला नवा कागद दिला. आप्पांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या खेपेला ईश्वर आडोशामागं बराच वेळ राहिला. त्याच्यानंतर सगळेच वेळ घ्यायला लागले. आप्पांची नात हर्षदा तर इतका वेळ आत होती, की मागून कुणीतरी खाकरलं.

अडतिसावी चिठ्ठी पडली. मी मोजायला पुढं होणार तेवढ्यात आप्पा उठले, खिडकीतल्या एका चिमुरडीला बोलावलं आणि डबा तिच्यापुढं धरला. तिनं हात घालून एक चिठ्ठी उचलली. आप्पांनी ती उघडली आणि मोठ्यानं वाचली.

"समाजशास्त्र."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणसं टोप्या सावरत उठली, मालनबाईसुद्धा. आप्पांनी डब्याला झाकण लावलं आणि तो काखेत घेतला. नदी तीन मिनिटांवर होती. यात त्यांचा काही कावा नव्हता, शपथेवर सांगते. आजवर जसं करत आले, तसंच त्यांनी केलं होतं, आणि अख्ख्या हॉलला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला चिठ्ठ्यांच्या घागरीची गोष्ट चार दिवस आधी ऐकूनही हे सुचलं नव्हतं, म्हणून मी माझ्यावरच जास्त चिडले. आणि दारात जाऊन उभी राहिले.

"आप्पा, ह्या डब्यात अजून सदतीस पोरं आहेत," मी म्हटलं. "त्यांना नदीत सोडायला मी देणार नाही."

उठलेली माणसं पुन्हा बसली. आप्पांना गावात असं कुणी अडवत नाही. मी त्यांना म्हटलं, वाचायच्या तर तुम्हीच वाचा. माझ्यापेक्षा गावाचा तुमच्यावर जास्त विश्वास आहे. तुम्ही जे वाचाल ते मी मान्य करीन.

ते परत फिरले, बाकावर बसले, चष्मा लावला आणि झाकण काढलं.

बाळासो फळ्यावर रेघा मारत गेले. समाजशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र. सुरुवातीला आप्पा भराभर वाचत होते. मग त्यांचा वेग कमी झाला. राज्यशास्त्र. राज्यशास्त्र. एक चिठ्ठी उघडून ते थांबले. घरातलं अक्षर माणूस लांबून ओळखतं. पुढच्या बाकावर हर्षदानं मान खाली घातली. आप्पांच्या मनात आलं असतं, तर ते काहीही वाचू शकले असते. मी कागद बघायला जाणार नव्हते.

"राज्यशास्त्र," त्यांनी वाचलं. आवाज आधीइतकाच मोठा होता.

त्या क्षणी मला तो म्हातारा फार आवडला. राज्यशास्त्राची विसावी रेघ पडली तेव्हा डब्यात अजून पाच चिठ्ठ्या होत्या आणि मी खाली बसून घेतलं. शेवटी राज्यशास्त्र तेवीस, समाजशास्त्र पंधरा. समाजशास्त्राच्या पंधरांपैकी दोघातिघांचे चेहरे खरोखर पडले होते. त्यांनी तो विषय स्वतः निवडला होता, आणि संस्थेशी भांडून त्यांचाही विषय चालू ठेवायचा, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आप्पा फळ्याकडं बघत होते.

"म्हंजी घागरीतबी असंच काय काय असंल," ते म्हणाले. ते कुणाला उद्देशून नव्हतं. "तीन खेपा आपण न वाचता सोडलं. कुणाला ठावं काय लिव्हलं व्हतं."

"माझं मला ठावं हाय," खिडकीजवळून आवाज आला.

कस्तुराबाई होत्या. चारचौघांत त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बहुतेक कुणीच ऐकलं नसावं, कारण सगळी डोकी एकदम वळली.

"आपल्या घरची चिठ्ठी मी लिव्हते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही नाव सांगता आन् गोठ्याकडं जाता. तिन्ही खेपेला म्या मालनबाईचं नाव लिव्हलं."

मालनबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती मटकन खाली बसली. बायकांमध्ये कुजबुज झाली. मग कुणीतरी म्हणालं, म्या बी. त्याच्या पलीकडून अजून एकीनं हळूच तेच म्हटलं.

आप्पा बायकोकडं बघत राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात नवीनच कुणी भेटावं तसे. त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला.

"येत्या खेपेला," ते म्हणाले, "समद्या वाचू."